जैसलमेरचा नोव्हेंबर: खोबरेल सकाळी घट्ट, दुपारी पातळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. खारघरचं एक कुटुंब १२ ते १८ नोव्हेंबर जैसलमेरला निघालंय. नवरा-बायको, सहा वर्षांची मुलगी, ७४ वर्षांचे सासरे आणि सत्तरीच्या सासूबाई. मोबाईलमधलं अ‍ॅप कमाल ३१ आणि किमान १४ दाखवतंय. ताई विचारतात, "याला थंडी म्हणायची की गरमी? स्वेटर भरू की सुती कपडे? एक रात्र वाळवंटात तंबूत काढायचा विचार आहे, ती सासू-सासऱ्यांना झेपेल का?"

मी ठाण्यात, पाचपाखाडीत राहते आणि गेली अठरा वर्षं लहान गट घेऊन राजस्थानात जाते. माझे बहुतेक प्रवासी साठीच्या पुढचे असतात. त्यामुळे हा प्रश्न मला दर दिवाळीला येतो, आणि सुरुवातीला मी त्याचं उत्तर चुकीचं द्यायचे. "नोव्हेंबर म्हणजे तिकडे थंडी हो, गरम कपडे घ्या," एवढं सांगून मोकळी व्हायचे. पहिल्याच वर्षी एक काका आतून थर्मल, वरून लोकरी स्वेटर घालून सकाळी दहाला किल्ल्याची चढण चढले आणि वरच्या चौकात पोचेपर्यंत लालबुंद झाले. त्याच दिवशी रात्री नऊ वाजता ते उघड्या जीपमध्ये कुडकुडत होते, कारण दुपारी वैतागून स्वेटर हॉटेलात फेकून आले होते. एकाच माणसाला एकाच दिवशी दोन्ही त्रास. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ३१ आणि १४ यांतला कुठला आकडा खरा मानायचा, हा प्रश्नच नाही. दोन्ही खरे आहेत, आणि दोन्ही रोज येतात. कपडे आठवड्यासाठी ठरवायचे नसतात, तासासाठी ठरवायचे असतात.

तुम्ही म्हणाल, नोव्हेंबरात आपल्याकडेही दुपारी ३३ आणि पहाटे २१ असतंच, बारा अंशांचा फरक झालाच की. बरोबर आहे. पण आपली पहाट उतरून उतरून २१ वर थांबते. त्यात फार तर पंखा एक आकड्याने कमी करतो आणि पायाशी चादर घेतो. तिथली पहाट १४ पर्यंत जाते, कधी १२ पर्यंत, आणि तिथे हात चोळावे लागतात. माझ्याकडे याची एक घरगुती खूण आहे. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं. ठाण्यात नोव्हेंबरात बाटली जेमतेम धुरकट होते. जैसलमेरला खिडकीत ठेवलेली बाटली सकाळी पांढरी घट्ट असते, जेवून खोलीवर परत यावं तर पाण्यासारखी पातळ. सातही दिवस हेच.

असं का होतं, ते समजून घेतलं तर बाकीचे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील. आपल्या हवेत खाडीची, समुद्राची वाफ भरलेली असते. दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडते, तेव्हा ही वाफ आणि ढग मिळून गोधडीसारखं काम करतात आणि बरीचशी उष्णता खालीच ठेवतात. जैसलमेरला ही गोधडी नाही. मोसमी पावसाची माघार पश्चिम राजस्थानातूनच सुरू होते, तिची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर. मुंबईतून पाऊस हलायला ८ ऑक्टोबर उजाडतो. म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा तिथली हवा दोन महिने कोरडी होत आलेली असेल. मुळात वर्षभराचा पाऊसच तिथे २०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे जुलैतल्या एखाद्या वाईट दिवशी तेवढा पडून जातो.

त्यात वाळू. वाळू उष्णता खोलवर जाऊ देत नाही, वरच्या थरातच ठेवते. म्हणून ती झटकन तापते आणि झटकन निवते. मुलीला हा खेळ नक्की दाखवा: अंधार पडल्यावर सम गावाजवळच्या टेकड्यांवर वाळूत पाय रुतवायला सांगा. वरची वाळू गार लागते, आणि घोटाभर आत अजून दुपार शिल्लक असते.

आता 'परिस्थितीवर अवलंबून' असलेल्या गोष्टी सांगते, कारण त्या लपवून सल्ला देणं बरोबर नाही. पहिली म्हणजे ढग. त्या सुमारास एखादा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढगाळ-पावसाळी हवा, आला तर आकाश झाकोळतं. मग दुपार नेहमीपेक्षा नरम जाते आणि रात्र उलट उबदार होते, गोधडी आली ना! ढग सरून वारा उत्तरेकडून आला की पुढच्या दोन-तीन पहाटा चांगल्याच बोचतात. म्हणून निघायच्या आधी अंदाज बघताना नुसतं तापमान बघू नका, ढग आणि वारा बघा, आणि तोही चार-पाच दिवस आधीच. आजपासूनचा तीन आठवड्यांचा अंदाज बघून बॅग भरणं म्हणजे पंचांग बघून छत्री घेणं.

दुसरी गोष्ट, तुम्ही नेमके कुठे आहात. ठाणेकरांना मी सोपं करून सांगते: बाजारपेठेतला गजबजलेला गोखले रोड आणि जंगलातलं येऊर. एकाच गावात असून पहाटे येऊरला फिरायला जाणारा माणूस बाह्या खाली ओढतो आणि गोखले रोडवरचा घाम पुसतो. तुमच्याकडे खारघरच्या टेकडीखाली हाच अनुभव येत असेल. जैसलमेरचा किल्ला हा तिथला गोखले रोड आहे. ११५६ साली वसलेलं हे ठिकाण, पिवळ्या वालुकाश्माचं, ९९ बुरुजांचं. आजही आत माणसं राहतात, दुकानं आहेत, घरांवर वाळत घातलेले कपडे आहेत. तो दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री हळूहळू सोडतो. अरुंद गल्ल्यांत वाराही कमी. रात्री नऊला किल्ल्यात हाफ शर्टवर हिंडता येतं. पण २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या अवघी ६५ हजारांच्या आसपास होती. म्हणजे रिक्षाने दहा मिनिटं गेलात की शहर संपलं, उघडा माळ सुरू. चाळीसेक किलोमीटरवरच्या समच्या वाळूच्या टेकड्यांवर त्याच वेळी शाल लागते. अ‍ॅप मात्र दोन्हीकडे तोच आकडा दाखवतं. शिवाय हवामान खात्याचा आकडा हा जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटर उंचीवर, सावलीतल्या लाकडी पेटीतला असतो. पहाटेची वाळू त्याहून गार आणि दुपारची त्याहून कितीतरी तापलेली असते, आणि तुमचे पाय पेटीत नसतात.

तिसरी गोष्ट तब्येत, तिच्याकडे नंतर येते.

माझ्या खिशात एक छोटा थर्मामीटर असतो आणि डायरीत मी नोंदी करते, सवयच लागली आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर दिवस साधारण असा जातो. तुमच्या तारखांना तिथे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. खारघरला पावणेसातच्या सुमारास उजाडलेलं असेल, त्यामुळे पहिल्या दिवशी 'अजून अंधार कसा?' असं वाटतं. सर्वांत थंड वेळ मध्यरात्रीची नसते, ती सूर्योदयाच्या आसपासची. गच्चीवर चहा घ्यायला जाल तेव्हा स्वेटर आणि ज्येष्ठांना कानटोपी हवीच. नऊला ऊन सुखाचं लागतं, स्वेटर कमरेला बांधला जातो. अकरापर्यंत पंचविशी ओलांडते. दोन ते साडेतीन खरी गरमी, पण ती आपल्या ऑक्टोबर हीटसारखी चिकट नाही. सावलीत गेलात की लगेच बरं वाटतं, कारण घाम ताबडतोब उडतो. साडेचारपासून ऊन सोनेरी होतं आणि त्या पिवळ्या दगडावर पडलं की फोटो काढणारे वेडे होतात. सहाच्या थोडं आधी सूर्य बुडतो. आणि मग पुढचे दोन-अडीच तास जपायचे, कारण घसरण तेव्हा सर्वांत वेगाने होते. सहा-सात अंश सहज उतरतात, आणि नेमके तेव्हाच सगळे वाळूत उघड्यावर बसून नाच-गाणी बघत असतात.

माझ्या गटांत जी आजारपणं झाली त्यांतली बहुतेक या दोन-अडीच तासांतली. क्रम ठरलेला असतो. चार वाजता शहरातून निघताना उकडतंय, म्हणून स्वेटर खोलीवर राहतो. पाचला उंटावर बसताना मजा, सहाला सूर्यास्त, साडेसहाला चहा-भजी, साडेसातला हवा बदलली हे कळतं आणि स्वेटर चाळीस किलोमीटर लांब. परतीची जीप उघडी असली तर वारा उरलंसुरलं काम करतो. म्हणून माझ्या गटात आता एकच कडक नियम आहे: दुपारी चारला गाडीत बसताना प्रत्येकाच्या हातात गरम कपडा दिसला पाहिजे. बॅगेत आहे, डिकीत आहे, चालणार नाही. एक निवृत्त मुख्याध्यापिका मला म्हणाल्या होत्या, "तू तर वर्गात शिरताना गृहपाठ तपासतेस." तपासते खरी.

कपड्यांचं एवढ्यावरून लक्षात आलं असेल. जाड एकच काही घेण्यापेक्षा पातळ तीन घ्या. आत सुती, पूर्ण बाह्यांचं. त्यावर हलका स्वेटर. आणि वारा अडवणारं पातळ जॅकेट, तेच जे आपण पावसाळ्यात वापरतो. थर्मल अजिबात नको, ते जानेवारीला. सासूबाईंना साडीची सवय असेल तर शाल उत्तम, ती काढा-घालायला सोपी आणि दुपारी डोक्यावरही घेता येते. प्रत्येकाला एक सुती पंचा किंवा स्कार्फ, कारण समला जीपा धूळ उडवतात. बूट बंद, पण लोकरी मोजे फक्त रात्रीला. मुलीचे कपडे मात्र जास्त भरा. थंडीसाठी नाही, ती वाळूत लोळणार म्हणून.

आता तब्येत. थंडीपेक्षा मला तिथल्या कोरडेपणाची जास्त काळजी वाटते, कारण तो दिसत नाही. ठाण्यात घाम टिपताना आपल्याला कळतं की पाणी जातंय. तिथे अंग कोरडं ठणठणीत, मग तहानही लागत नाही, आणि आपल्याला वाटतं हवा छान आहे. एका वर्षी गडीसर तलावाच्या काठी सकाळी अकराला एका मावशींना चक्कर आली. नाश्ता व्यवस्थित, रक्तदाबाची गोळी घेतलेली. चौकशी केली तर सकाळपासून अर्धा कप चहाशिवाय पाणी नाही, "वाटेत बाथरूम मिळालं नाही तर?" या भीतीने. ही भीती आपल्या बायकांमध्ये फार आहे आणि तिला हसण्यात अर्थ नाही. मी आता निघायच्या आधी स्वच्छतागृहं कुठे कुठे आहेत तेच आधी सांगते, मग पाणी प्या म्हणते. मग पितात. जेवणात ताक, दुपारी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, एवढं केलंत तरी पुष्कळ. मात्र सासऱ्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या तक्रारीमुळे पाण्याचं माप ठरवून दिलं असेल, किंवा लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल, तर किती प्यायचं हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून या, माझ्यावर जाऊ नका. दम्याचा पंप असेल तर तो खिशात, बॅगेत नाही. ओठ, टाचा आणि नाकाच्या आतली त्वचा तिसऱ्या दिवशी तडकायला लागते. पहिल्या रात्रीपासून व्हॅसलीन लावलं तर तडकत नाही. तडकल्यावर लावून उपयोग कमी.

तंबूचं विचारलंत. झेपेल, पण मला स्वतःला तुमच्या घरात ती रात्र दोन भागांत वाटून घेतलेली आवडेल. समला तंबूंच्या रांगाच्या रांगा आहेत आणि बऱ्याच ठिकाणी रात्री उशिरापर्यंत मोठ्या आवाजात गाणी लावतात. वाळवंटातली शांतता ऐकायला गेलेली माणसं कानात कापूस घालून झोपलेली मी पाहिली आहेत. त्यापेक्षा दक्षिणेकडचं खुडी गाव निवांत आहे. तंबू निवडताना तीन गोष्टी विचारा. तो दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागी आहे का? गार हवा जड असते, ती रात्री तिथेच येऊन साचते. तेव्हा थोडी वरची जागा मागा. संडास तंबूला जोडून आहे का? पहाटे पाचला १४ अंशांत वाळूतून चालत जायला लागणं हा सत्तरीतल्या गुडघ्यांवर अन्याय आहे. आणि माणशी दोन रजया मिळतील का? एक खाली अंथरायला, एक वर. कापडी तंबूत थंडी खालून येते, हे आपल्या लक्षातच येत नाही. याची उत्तरं समाधानकारक नसतील तर सासू-सासऱ्यांना जेवण झाल्यावर बंद गाडीने शहरात परत पाठवा. तुम्ही तिघं राहा. कुणाचं काही बुडत नाही.

शहरातही खोली घेताना मी किल्ल्याच्या आतली घेत नाही. एक तर सामान घेऊन चढण. दुसरं, २०१३ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या या किल्ल्याच्या पायाला पाझरणाऱ्या पाण्याने त्रास दिलेला आहे. पाऊस नसलेल्या गावासाठी बांधलेल्या वास्तूत आपण रोज बादल्या ओतायच्या, हे मला पटत नाही. खाली राहा, किल्ला समोर दिसणारी गच्ची मिळते. पश्चिमेकडची खोली मागून घ्या. मे महिन्यात मी हा सल्ला कुणालाही देणार नाही, पण नोव्हेंबरात संध्याकाळी तापलेली भिंत मध्यरात्रीपर्यंत ऊब देते.

सात दिवस तुमच्या हातात आहेत, हे फार छान. बहुतेक लोक दोन दिवसांत उरकतात आणि मग दुपारी दोनला कुलधरात उभे राहून म्हणतात, काय हे ऊन! पालीवालांनी सोडून दिलेलं ते गाव, अकलचं दगड झालेल्या झाडांचं उद्यान, बडा बाग, या सगळ्या उघड्या जागा. सावली नावाला. त्या सकाळी आठ ते अकरात. किल्लाही सकाळीच, सावकाश. पटव्यांची हवेली आणि आसपासच्या गल्ल्या दुपारी चालतात, कारण तिथे उंच भिंतींची सावली असते, आणि मुळात त्या गल्ल्या तशाच अरुंद ठेवल्या आहेत त्या उन्हासाठीच. बारा ते साडेतीन जेवा आणि वामकुक्षी घ्या, तिथले दुकानदारही घेतात. तनोट-लोंगेवाला हा पूर्ण दिवसाचा गाडीतला प्रवास आहे. सासऱ्यांना १९७१ च्या लढाईत रस असेल तर जा, नसेल तर मुलगी कंटाळेल.

जोधपूरमार्गे रस्त्याने जाणार असाल तर एक सांगते. दसऱ्याला आपट्याबरोबर ज्या शमीची पूजा करतो, आणि ठाण्यात जी शोधून सापडत नाही, ती वाटेतल्या शेताशेतांत उभी दिसेल. तिकडे तिला खेजडी म्हणतात. केर-सांगरीच्या भाजीतली सांगरी म्हणजे तिच्याच शेंगा. बाजरीचा सोगरा, वर तूप आणि ही भाजी, हे सासूबाईंना परकं वाटणार नाही, फक्त भाकरी जरा जाड निघेल. रात्रीच्या गार हवेत तो सोगरा जसा लागतो तसा दुपारी लागत नाही, म्हणून मी तो मुद्दाम रात्रीच मागवते.

आंघोळीचंही नियोजन करा, हसू नका. पहाटे उठून डोक्यावरून आंघोळ करायची सवय सासरच्या मंडळींना असणार. केस ओले ठेवून गच्चीवर गेलात की कुडकुडायला होतं. त्या आठवड्यापुरती आंघोळ दुपारी, फिरून आल्यावर, जेवायच्या आधी. पाणीही तेव्हा गरम मिळतं, केसही दहा मिनिटांत वाळतात.

आणि ती खोबरेलची बाटली जाल तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंडाला रबर बांधून न्या. सकाळी घट्ट दिसते म्हणून झाकण सैल राहतं, दुपारी गाडीत ती पातळ होते, आणि माझ्या तीन साड्या अशाच गेल्या आहेत.